सायबरला घालू काय पोरीला?

कोल्हापुरात ‘मी सायबरचं शिकले’ असं सांगितलं की निम्म्या लोकांना वाटतं, ही सायबर चौकातल्या कॉलेजात एमबीए झाली. मी एमटेक केलं ते सायबर सिक्युरिटीत, म्हणजे कॉम्प्युटर आणि नेटवर्क सुरक्षित ठेवण्याच्या विषयात. पण चूक त्यांची नाही. शाहू महाराजांच्या नावाच्या त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांचं आपण ‘सायबर’ करून टाकलं, मग चौकही सायबरचा झाला. माझी आत्या दोन वर्षं सगळ्या पाहुण्यांना तेच सांगत होती. मीही शेवटी दुरुस्त करायचं सोडून दिलं.

उरलेले निम्मे विचारतात ते असं : “तिथं हॅकिंग शिकवतात न्हवं? आमच्या पोरीला घालू काय?” सीईटीचे निकाल लागले की हा प्रश्न जिन्यात, लग्नात, भाजी घेताना कुठंही येतो. गेल्या महिन्यात शेजारचे काका पोरीला घेऊन घरीच आले. त्यांना जे तुकड्यातुकड्यानं सांगितलं, ते जरा नीट लिहिते.

हॅकिंग शिकवतात. पण एमटेकच्या पहिल्या सत्रात आम्हाला आधी टेलनेट दाखवलं. दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायची ही जुनी पद्धत. आता तिची जागा सगळं गुप्त लिपीत पाठवणाऱ्या एसएसएचनं घेतलीय. सरांनी लॅबमधली दोन मशीन जोडली, एकावरून दुसऱ्यावर लॉगिन करायला लावलं आणि वायरशार्क चालू ठेवलं. तारेतून जाणारं सगळं टिपून दाखवणारा हा प्रोग्राम. पडद्यावर माझं युजरनेम आलं, पण प्रत्येक अक्षर दोनदा. खाली पासवर्ड, तो मात्र एकदाच, कुणालाही वाचता यावा असा. “असं का, ते शोधा,” म्हणाले आणि सर चहाला गेले.

उत्तर सापडायला दुपार गेली. आपण टाइप केलेलं युजरनेमचं प्रत्येक अक्षर समोरचं मशीन परत पाठवतं, म्हणून ते आपल्याला पडद्यावर दिसतं. पासवर्ड दिसू नये म्हणून तो परत पाठवत नाही. म्हणजे पाठीमागं उभ्या असलेल्या माणसाची काळजी घेतली होती आणि तारेवर कान लावून बसलेल्याचा विचारच केला नव्हता.

पुढची दोन वर्षं मी वेगवेगळ्या वेशात हेच बघत आले. कुणीतरी कुणावर तरी न विचारता विश्वास टाकलेला असतो. तो कुठं टाकलाय ते हुडकायचं, एवढाच खरा अभ्यास.

सी भाषेतला बफर ओव्हरफ्लो घ्या. प्रोग्रामनं ५१२ बाइटची जागा ठेवली आणि येणारा तेवढंच पाठवेल असं धरून चालला. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या अमेरिकेतल्या विद्यार्थ्यानं सोडलेला वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम, इंटरनेटवर पसरला, त्याच्या वाटांपैकी एक हीच होती : दूरच्या मशीनवर कोण लॉगिन आहे ते सांगणाऱ्या फिंगर नावाच्या सेवेला ५१२ च्या जागी ५३६ बाइट. सांडलेल्या मजकुरानं प्रोग्रामला भलत्याच रस्त्याला लावलं. फळ्यावर हे दहा मिनिटांत कळतं. मी स्वतः लिहिलेल्या वीस ओळींच्या प्रोग्रामवर ते करून दाखवायला मला तीन आठवडे लागले. मेमरी कशी मांडलेली असते, फंक्शन संपल्यावर परत कुठं जायचं ते कुठं लिहून ठेवलेलं असतं, हे डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राम थांबवत थांबवत चालवणाऱ्या साधनात, एकेक पाऊल टाकत बघायचं. सिनेमातला हिरवा पडदा वगैरे काही नाही. डोळे लाल आणि जेवण गार.

गणितही आहे. ६१ गुणिले ५३ बरोबर ३२३३ यावरून सुरुवात करून आरएसए ही मजकूर कुलूपबंद करायची पद्धत हातानं सोडवायला लावतात. गुणाकार सोपा, पण नुसता ३२३३ दिला तर त्याचे ते दोन मूळ अवयव शोधणं अवघड. आणि खऱ्या किल्लीत तो आकडा सहाशेच्या वर अंकांचा असतो. ज्या पोरीला गणिताचा कंटाळा आहे तिला हे आधीच सांगा.

कोल्हापूरकरांना समजवायला मी कॉसमॉस बँकेचं प्रकरण सांगते, कारण त्याचं एक टोक आपल्या गावात निघालं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या या बँकेचे सुमारे ७८ कोटी रुपये २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी काढले गेले. भारतातून आणखी अडीच कोटी. त्यातले काही कोल्हापुरातल्या एटीएममधून. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपव्यवस्थेमार्गे आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी.

हे झालं कसं? आपण कार्ड घातलं की एटीएम बँकेच्या स्विचला, म्हणजे निरोप इकडून तिकडं नेणाऱ्या यंत्रणेला विचारतं, स्विच कोअर बँकिंगला, म्हणजे खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या मुख्य यंत्रणेला विचारतो, खात्यात शिल्लक असेल तर ‘दे’ असं उत्तर उलट येतं. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून मधेच स्वतःचा बनावट स्विच बसवला. तो कोअर बँकिंगला विचारतच नव्हता. स्वतःच ‘दे’ म्हणत होता. एटीएमनं विश्वास टाकला, कारण उत्तर नेहमीच्या वाटेनं आलं होतं. खातेदारांच्या शिलकी जागच्या जागी होत्या. त्यांना कुणी हातच लावला नव्हता. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवलं. हे ऐकून काका पहिल्यांदा खुर्चीत पुढं सरकले.

काही लोक वेगळंच विचारतात. ‘भावा’ म्हणत मेसेज टाकणारी पोरं कुणाचं तरी इन्स्टा उघडून मागतात. त्यांना एकच उत्तर : माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ आणि ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लॅबमध्येही आम्ही फक्त आमच्याच मशीनवर हात चालवायचा, हे लिहून दिलं होतं. आणि ज्यांचे पैसे आत्ताच गेलेत त्यांनी मला नव्हे, १९३० ला फोन लावावा, लगेच.

आता घालायचं कुठं? माझं मत अनेकांना आवडत नाही. बीटेकला साधं कॉम्प्युटर सायन्स मिळत असेल तर ते घ्या. एका शाखेच्या नावात तर आयओटी, सायबर सिक्युरिटी आणि ब्लॉकचेन तिन्ही आहेत. एवढं सगळं चार वर्षांत कोंबलं की ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क पातळ होण्याची भीती असते. अभ्यासक्रम काढून तेवढे दोन पेपर बघा. सायबर पुढं एमटेकला घेता येतं. पहिली नोकरी बहुधा पुण्यात, रात्रपाळीत, हल्ल्याच्या येणाऱ्या इशाऱ्यांतले खोटे बाजूला करत बसण्याची. माझी तरी तशीच होती.

एवढा वेळ काकाच बोलत होते. पोरगी मोबाइल हातात धरून गप्प. तिला विचारलं, “तुला कशाला जायचंय?”

ती वडिलांकडं बघून हळूच म्हणाली, “ताई, आमच्या क्लासचा निकाल लिंकवर येतोय. लिंकच्या शेवटी माझा नंबर हाय. तो एकानं वाढवला तर दुसऱ्या पोराचा निकाल आला. फोटो, मोबाइल नंबर, सगळं.”

“पासवर्ड?”

“मी लॉगिन होतोच की. माझ्याच पासवर्डनं.”

“किती बघितलेस?”

“एकच. मग भ्यालो.”

सर्व्हरनं एवढंच बघितलं होतं की आत आलेली कोण आहे. हा निकाल तिचा आहे का, हे विचारलंच नव्हतं. एमटेकला याला मोठं नाव आहे. ते मी तिला सांगितलं नाही.

“क्लासला सांगितलंस?”

“नाही. ओरडतील.”

मग आम्ही दोघींनी ईमेल लिहायला घेतला. लिंक कशी आहे, काय बदललं, काय दिसलं, किती वेळा. त्या पोराचं नाव नाही, स्क्रीनशॉटवर त्याचा नंबर झाकलेला, दुसऱ्या कुणाला पाठवलेलं नाही हेही वर लिहिलं. विषयाच्या ओळीवरच आमचा पाव तास गेला. तिला ‘तातडीचं’ घालायचं होतं, मला नको होतं.

“म्हणजे घालायचं न्हवं?” काकांनी मधेच विचारलं.

“थांबा की पप्पा,” ती म्हणाली.