तीन मिनिटांचं जंगल

गोल्फमध्ये चेंडू झाडीत गेला तर तो शोधायला तीन मिनिटं मिळतात. 2019 पर्यंत पाच मिळायची. त्या वर्षी नियमांची फेरमांडणी झाली आणि खेळ लवकर आटपावा म्हणून दोन मिनिटं कापली गेली. टीव्हीवर दिसणाऱ्या खेळाडूंना त्याचं फारसं सोयरसुतक नसावं, त्यांचा चेंडू कुठे पडला हे शेकडो प्रेक्षक बघत असतात. गोची झाली ती आमच्यासारख्यांची, ज्यांचा निम्मा खेळ झाडीतच होतो. मला ती दोन मिनिटं अजून खटकतात. चेंडू शोधत झाडीत फिरणं हाच या खेळातला सगळ्यात चांगला भाग आहे, असं माझं मत आहे.

मी खेळतो ते शिकागोच्या उत्तरेला, मॉर्टन ग्रोव्ह गावातल्या चिक एव्हन्स गोल्फ कोर्सवर. कोर्स सार्वजनिक, कुक काउंटीच्या (शिकागो ज्यात येतं तो जिल्हा) फॉरेस्ट प्रिझर्व्हचा, म्हणजे राखीव जंगल सांभाळणाऱ्या खात्याचा. शिकागो चहूबाजूंनी फुगत होतं तेव्हा ड्वाइट पर्किन्स नावाचा वास्तुरचनाकार आणि येन्स येन्सन नावाचा उद्यानरचनाकार, अशा काही मंडळींनी नदीकाठची झाडी वाचवायचा धोशा लावला. 1914 मध्ये लोकांनी मतदान करून तो मान्य केला. आज ही राखीव जमीन सुमारे 70,000 एकर आहे, म्हणजे काउंटीच्या दहाव्या हिश्श्याहून थोडी जास्तच. आपल्या मंडळींना ती माहीत असते ती उन्हाळी सहलीपुरती. एखादं ग्रोव्ह, म्हणजे झाडीतली सहलीची जागा, आधी बुक करायचं, शेगडीवर कणसं भाजायची, भेळ कालवायची आणि मग डास चावायला लागले की गाड्या काढायच्या. त्याच झाडीच्या पलीकडे अठरा होल्स आहेत, हे मला इथे येऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं.

पुण्यात विमानतळाकडे जाताना येरवड्याला गोल्फ क्लब लागायचा. रिक्षातून आत गर्द झाडी दिसायची, खेळणारा माणूस कधी दिसला नाही. आत जाण्याचा विचारही कधी मनात आला नाही. गोल्फ म्हणजे साहेबलोकांचं काम, हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. इथे शिकागोत जॅक्सन पार्कमधला सार्वजनिक कोर्स 1899 सालचा आहे, त्यामुळे इथल्या पोस्टमनला किंवा प्लंबरला गोल्फ खेळायला संकोच वाटत नाही. फोनवर वेळ घ्यायची, खिडकीशी पैसे भरायचे, संध्याकाळी उशिरा आलात तर कमी भरायचे. गराज सेलमधून आणलेल्या काठ्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही.

एकटे गेलात तर स्टार्टर, म्हणजे खेळाडूंना पाळीने खेळायला सोडणारा माणूस, तुम्हाला कुणाच्या तरी गळ्यात बांधतो, कारण चौघांचा गट पूर्ण करायचा असतो. मला ही पद्धत फार आवडते. मॉर्टन ग्रोव्ह आणि शेजारच्या नाइल्समध्ये कोरियन वस्ती बरीच आहे. एकदा मला गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एक कोरियन आजी मिळाल्या. त्यांचा चेंडू कधीच लांब गेला नाही आणि कधीच वाकडाही गेला नाही. चार तासांत त्या झाडीत एकदाही आल्या नाहीत. खेळ म्हणून बघितलं तर त्या जिंकल्या. पण बिचाऱ्यांनी जंगल काही पाहिलं नाही.

ज्याच्या नावाचा हा कोर्स आहे तो चिक एव्हन्स शिकागोतलाच. लहानपणी दुसऱ्यांच्या काठ्या वाहायचा, म्हणजे कॅडी होता. 1916 मध्ये त्याने अमेरिकेची ओपन (व्यावसायिकांनाही खुली) आणि अमॅच्युअर (फक्त हौशींची) या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. एकाच वर्षी दोन्ही जिंकणारा तो पहिलाच, आणि तेही फक्त सात काठ्या घेऊन. आज नियमाने चौदापर्यंत नेता येतात. तो व्यावसायिक कधी झाला नाही. त्याचं नाव वापरून जे पैसे आले, ते घेतले असते तर हौशी खेळाडू म्हणून तो बाद झाला असता. मग आईच्या सांगण्यावरून ते कॅडी पोरांच्या शिक्षणासाठी लावले गेले आणि 1930 पासून ती शिष्यवृत्ती चालू आहे. चौदा काठ्यांचं ओझं ओढताना मला दर वेळी त्या साताची आठवण येते, आणि घरी गेल्यावर निम्म्या काढून ठेवायच्या असं ठरतं. ठरतं फक्त.

गेल्या उन्हाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी आले. वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झालेला माणूस, घरात बसवेना. नुसतं चालायला कोर्सवर येऊ देतात का, असं मी खिडकीशी विचारलं, तर तिथल्या माणसाने बाबांच्या पांढऱ्या टोपीकडे बघून जा म्हणून हात केला. बाबांनी पहिल्याच होलला निकाल देऊन टाकला, "अरे, एवढं चांगलं जंगल आणि मधनं मधनं हजामत केलीय." पुढे मात्र त्यांना आपलं काम सापडलं. माझा चेंडू उजवीकडे जायचा (तो नेहमी उजवीकडेच जातो) आणि मी हिरवळीवरून तिरका चालत पोचेपर्यंत बाबा आत शिरलेले असायचे.

जूनच्या सुरुवातीला इथे कॉटनवुडच्या झाडांचा कापूस उडतो. काठाकाठाने जमिनीवर पांढरी पिंजण साचते आणि त्यात पांढरा चेंडू शोधायचा असतो. बाबा वाकून ती पिंजण बोटांनी बाजूला सारत, त्यातलं बारीकसं तपकिरी बी काढून तळहातावर धरत. चेंडू पायाशी असला तरी त्यांना दिसायचा नाही. मी घड्याळात बघत असायचो. झाडाच्या आरपार मारून बघ, झाडात नव्वद टक्के हवाच असते, असं एक सोबती मला सांगायचा. ही गोल्फवाल्यांची जुनी म्हण आहे. माझ्या चेंडूला मात्र उरलेले दहा टक्केच नेमके सापडतात. टक् असा आवाज येतो आणि चेंडू मागे माझ्याकडेच येतो.

रफच्या, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवताच्या, पलीकडे आठ-दहा पावलं गेलं की बकथॉर्न सुरू होतं. युरोपातून कुंपणासाठी आणलेलं झुडूप, आता सगळ्या रानात माजलंय. वसंतात सगळ्यांच्या आधी पालवतं, पानगळीत सगळ्यांच्या शेवटी झडतं, आणि त्याच्या सावलीत ओकची रोपं उठत नाहीत. बाबांनी एक फांदी मोडून बघितली आणि म्हणाले, "ही तुमची घाणेरी." तिथून पुढे त्यांचा या जंगलाशी घरोबा झाला. शनिवारी स्वयंसेवक येऊन करवतीने बकथॉर्न कापतात हे ऐकून त्यांना बरं वाटलं. पण खातं स्वतःच ठरवून जंगलाला आग लावतं, म्हणजे खालचा पालापाचोळा आणि असली झुडपं जळून जावीत, हे त्यांच्या पचनी पडेना. "जाळरेषा आम्हीही काढायचो. पण आत आग गेली की वरून मेमो यायचा."

मग मी त्यांना बर ओक दाखवला. त्याची साल बुचासारखी जाड, खोल भेगांची. इथे पूर्वी गवताळ प्रेअरी होती आणि तिच्यात वणवे लागायचे, त्यांना पुरून उरायला म्हणून ही साल. बाबांनी भेगेत अंगठा घातला, तो पेरापर्यंत आत गेला. शिकागो 1837 मध्ये शहर झालं, आणि त्याच्या आधीपासून उभे असलेले ओक या परिसरात अजून आहेत. बाबा नखाने साल टोकरत बराच वेळ काही बोलले नाहीत. मागचा गट टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, येऊन थांबला होता. माझी तीन मिनिटं केव्हाच संपली होती. दंडाचा एक फटका लावून मागे जाऊन परत मारायचं असतं. मी काय केलं ते स्कोअरकार्डावर नाही.

एका गोष्टीत मात्र मी बाबांचा गुरू होतो. पॉयझन आयव्ही. तीन पानांचा गुच्छ, मधल्या पानाचा देठ बाजूच्या दोघांपेक्षा लांब, जुनी वेल झाडावर चढली की तिला केसाळ मुळ्या फुटतात. अंगाला लागली तर आठवडाभर खाज आणि फोड. चेंडू तिच्यात पडला तर तो त्या वेलीचाच झाला, असा माझा नियम. नियमपुस्तकातही बऱ्याच बारीकसारीक गोष्टी आहेत. उदाहरणार्थ, कॅनडा गूज हा पक्षी जे हिरवळीवर मागे ठेवून जातो ते दंड न लागता बाजूला करता येतं. प्राण्याची विष्ठा ही सुट्या नैसर्गिक वस्तूंत मोडते, काटक्या आणि ओकफळांसारखी. हे वाचून बाबा म्हणाले, "म्हणजे ज्यानं लिहिलं तो खरंच मैदानात फिरलेला आहे."

ऑगस्ट संपता संपता बर ओकची फळं पडायला लागली. त्यांच्या टोपीला भोवताली झालर असते. बाबांच्या एका खिशात ती आणि दुसऱ्या खिशात लोकांचे हरवलेले चेंडू, बँकांचे, विमा कंपन्यांचे, कुणाच्या तरी लग्नाची तारीख छापलेले. तो तारखेचा चेंडू त्यांना परत द्यायचा होता. कुणाला, ते काही ठरेना.

असंच एकदा आम्ही फार रेंगाळलो, तेव्हा मार्शल गाडी घेऊन आला. खेळ पुढे ढकलणं हेच त्याचं काम. तो रागावणार एवढ्यात बाबांनी ओकफळ पुढे केलं आणि आपल्या सरकारी इंग्रजीत त्या झाडाचं वय विचारलं. मार्शलने टोपी मागे सारली, झाडाकडे बघितलं आणि म्हणाला, हे तर काहीच नाही, नदीकडे याहून थोराड आहे, बसा. बाबा गाडीत बसले. मला म्हणाले, "तू खेळ, मी आलो." आणि मी मारलेला पुढचा चेंडू उजवीकडे झाडीत गेला तेव्हा तो शोधायला मी एकटाच होतो.