फळी चढ, माय

मी सातारा जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, लेबर रूमला चौदावं वर्ष चालू आहे. नाईटला किती डिलिव्हऱ्या केल्या ते मोजलं नाही कधी, पण मागच्या जानेवारीतली एक रात्र डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

रात्री आठच्या सुमारास १०२ ची गाडी, म्हणजे गरोदर बायकांना आणणारी सरकारी ॲम्ब्युलन्स, आली. पोरगी वीस वर्षांची, पहिलटकरीण, बीडकडची, ऊसतोडीच्या टोळीतली. दुपारपर्यंत फडात मोळ्या बांधत होती आणि कळा सुरू झाल्यावर पण दोन तास कुणाला बोललीच नाही. बीपी बघायला बाही वर केली तर मनगटापासून कोपरापर्यंत नुसते ओरखडे, उसाच्या पाचटाचे, काही सुकलेले काही ताजे, आणि कफ बांधेपर्यंत तिची नजर सारखी दाराकडे.

तपासलं, पिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडलेलं. बाळाचे ठोके १४०, पाणी गेलेलं नव्हतं, सगळं व्यवस्थित. पण ती टेबलावर चढायलाच तयार नाही, थरथरतेय नुसती, आणि एकच धोशा, "मला मह्या मायकडं जायचंय." पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना आपल्याकडे, तिने महिनोन्‌महिने तेच मनात धरलेलं. पण मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, बाई माहेरी गेली की अर्धा कोयता, मग फेडायचं कसं?

मी आधी नेहमीचंच बोलले, घाबरू नको, सगळ्या बायकांना होतं वगैरे, आणि बोलता बोलताच कळलं की ह्याचा काडीचा उपयोग नाही. कारण तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं! टोळीतल्या एकीचं सिझर झालेलं, त्यामुळे हिला वाटत होतं बाळ पोट फाडूनच काढतात. मग मी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं, पिशवीचं तोंड कसं हळूहळू उघडतं, दहा सेंटीमीटर झालं की मग जोर लावायचा, त्याआधी नाही, पहिल्या खेपेला बारा बारा तास पण लागतात, कळ आली तशी जाते आणि मधे श्वास घ्यायला वेळ मिळतो. ऐकताना तिने माझी ओढणी मुठीत धरलेली, ती सोडलीच नाही.

"बरोबर कोण आहे?" नवरा होता बाहेर आणि टोळीतली एक मावशी, पन्नाशीची, चार लेकरांची आई. मी नोकरीला लागले तेव्हा बाहेरच्या कुणाला आत घेत नसत, बायका एकट्या ओरडायच्या आणि वर शिव्या पण खायच्या, मी ते बघितलंय आणि गप्प बसलेय, त्याचं वाईट वाटतं अजून. २०१६ मध्ये केंद्राच्या सूचना आल्या की बाळंतपणात सोबतीला एक बाई असू द्यावी, शक्यतो जिने स्वतः बाळंतपण काढलंय अशी. मावशीला हात-पाय धुवायला लावून आत घेतलं.

मावशीने गोंजारलं वगैरे काही नाही. कंबर चोळायला लागली आणि कळ आली की म्हणायची, "मोळी घेतली डोक्यावर, आता फळी चढ माय, अर्ध्यात थांबायचं न्हाय... चढ... चढ... आली वर, टाक आता गाडीत." आणि पोरगी खरंच अंग सैल सोडायची! उसाच्या गाडीला लावलेल्या फळीवरून मोळी वाहणं तिला रोजचं होतं, तिथे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. थोड्या वेळाने तीच विचारायला लागली, "मावशे, अजून किती मोळ्या?"

पहाटे साडेतीनला मुलगी झाली, २ किलो ६०० ग्रॅम, लगेच रडली. मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, बाळ तसंच आईच्या छातीवर ठेवलं, वार पूर्ण पडली, टाके दोनच. नवऱ्याच्या फोनवरून बीडला फोन लावून दिला. पलीकडे माय नुसती रडत होती, आणि ही तिला समजावतेय, "रडू नको गं, मावशी व्हती ना."

मी चहा घेऊन आले तर मावशी चप्पल घालत होती. म्हटलं थांबा की जरा, बाळ तरी घ्या मांडीवर. म्हणाली, "पाचला गाडी निघती बाई फडात, न्हाय गेले तर खाडा पडंल." बाळाच्या कपाळाला बोट लावून बोटं मोडली आणि गेली, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता तिच्या.