आमची वाटचाल : बंदरावरच्या बॅरलपासून एमजीच्या चेंबरपर्यंत

आमच्या काउंटरवर बिलं उडू नयेत म्हणून एक लोखंडी टोपण ठेवलेलं असतं. नव्या गिऱ्हाइकाला ते कसलं तरी बूच वाटतं. ते एमजीबी या जुन्या इंग्लिश गाडीचं टॅपेट आहे, म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह उघडायला कॅमचा धक्का झेलणारा भाग, तळाशी खड्डे पडलेलं. त्याची किंमत आम्ही मोजली आहे, म्हणून ते भंगारात गेलं नाही.

धंदा बाबांनी सुरू केला तो रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरालगत, ट्रॉलरच्या इंजिनांना ऑइल पुरवायला. २१० लिटरचं बॅरल, त्याला हातपंप आणि पत्र्याची मापं, एवढंच दुकान. पावसाळी बंदीत विक्री जवळपास शून्य. नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात मात्र जेवायला फुरसत नसे. उधारी तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, शब्दावर. ती बुडाली नाही असं नाही, पण वहीत लिहिलेल्यापेक्षा शब्दावर दिलेली जास्त परत आली.

बाबा जुनं ऑइल अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळून बघत, मग वास घेत. एक म्हातारा तांडेल नेहमी म्हणायचा, "काला झाला नाय म्हणजे त्याने काम केला नाय." मला तेव्हा हसू यायचं. पुढे ऑटोमोबाइलच्या डिप्लोमात शिकलो की डिझेलची काजळी इंजिनात साचू न देता स्वतःत धरून ठेवणं हेच त्या ऑइलचं काम, तेव्हा हसू थांबलं.

मोटारींचा धंदा मी आणला. शेजारची जागा घेतली, एक रॅम्प टाकला, एक मिस्त्री ठेवला. बाबांना ते फारसं रुचलं नाही. बोटवाला ऑइल नेतो आणि जातो, गाडीवाला बसून राहतो, असं त्यांचं म्हणणं. खरंच होतं ते.

आमच्याकडे जुन्या, शौकाच्या गाड्या येऊ लागल्या त्याचं कारण इथली माणसं. जन्मभर मुंबईत किंवा बोटीवर काढून निवृत्तीला गावी परतलेली, पडवीत गाडी झाकून ठेवणारी. त्यातले एक काका, मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून उतरलेले. त्यांची एमजीबी, दोन सीटची, उघड्या टपाची. दर रविवारी गणपतीपुळ्यापर्यंत एक फेरी.

पहिल्यांदा ते ऑइल बदलायला आले तेव्हा मी हौसेने दुकानातलं सगळ्यात महाग ऑइल पुढे केलं. फुल्ली सिंथेटिक, पातळ ५डब्ल्यू-३० ग्रेड, एपीआय या अमेरिकन संस्थेच्या दर्जांपैकी तेव्हाचा नवा एसएन वर्ग. काका म्हणाले, "अरे, मॅन्युअलमध्ये वीस-पन्नास लिहिलंय." म्हणजे २०डब्ल्यू-५०, जाड ऑइल. मी म्हणालो, "काका, ते जुन्या काळचं. आता ऑइलं सुधारली." चीफ इंजिनिअरला मी हे सांगितलं, हे आठवलं की अजून कान गरम होतात.

पुढच्या महिन्यात ते कोल्हापूरला निघाले. साखरप्यावरून आंबा घाट चढून वर पोचले, गाडी उभी केली, तर आयडलवर ऑइल प्रेशर दहा पौंडांवर. या इंजिनाला गरम असताना धावताना पन्नास ते ऐंशी लागतं, आयडलवर दहा ते पंचवीस. म्हणजे काटा अगदी काठावर. त्यांनी घाटमाथ्यावरून फोन केला. मी सांगितलं, गेज बिघडलं असेल.

दोन पावसाळ्यांनी इंजिन टकटक करू लागलं. या इंजिनात व्हॉल्व्हची फट थंड असताना पंधरा थाउ (इंचाचे हजारावे भाग) ठेवतात. मिस्त्रीने फिलर गेज घालून ती लावली, आठ दिवसांत पुन्हा वाढलेली. तेव्हा इंजिन खोललं. व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा म्हणजे कॅम, त्याची दोन नाकं सहाणेसारखी झिजलेली, आणि त्यांच्यावरची टॅपेटं आता काउंटरवर आहे तशी. सगळा दोष ऑइलचाच, असं मी आजही म्हणत नाही. गाडी आमच्याकडे यायच्या आधी तीस-पस्तीस वर्षं कोणी काय ओतलं होतं कोण जाणे. पण शेवटचा धक्का आमचा होता. कॅम आणि टॅपेटं इंग्लंडहून मागवली, कस्टम ड्यूटीसकट निम्मा खर्च आम्ही दिला. काका रागावले नाहीत. जुनं टॅपेट काउंटरवर ठेवलं आणि चहा मागितला.

मग मी बसून वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडात बनली, इंजिन १७९८ सीसी. कॅम खाली ब्लॉकमध्ये, त्यावर सपाट तळाची टॅपेटं, वर पुशरॉड. नव्या बऱ्याच इंजिनांत कॅमवर रोलर असतो, तो गडगडत जातो. इथे धातूवर धातू घासत सरकतो, आणि तिथला दाब इतका की नुसता तेलाचा थर टिकत नाही. तिथे कामाला येतं ते जस्त आणि फॉस्फरस यांचं एक संयुग, धंद्यातलं नाव झेडडीडीपी. उष्णतेने आणि दाबाने ते फुटतं आणि धातूवर काचेसारखा पातळ लेप धरतं. झीज होते ती त्या लेपाची.

पण हाच फॉस्फरस धुराबरोबर जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा भाग, निकामी करतो. म्हणून २००४ च्या एसएम वर्गापासून ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडमध्ये तो ०.०८ टक्क्यांवर अडवला. नव्या गाडीला ते योग्यच. काकांच्या एमजीला कन्व्हर्टरच नव्हता. जिच्यासाठी जस्त कमी केलं ती वस्तू गाडीत नाही, आणि ज्या कॅमला जस्त हवं तो उपाशी. २०डब्ल्यू-५० ला ही अट लागू नाही, त्यामुळे त्या ग्रेडमध्ये पुरेसं जस्त असलेलं ऑइल अजून मिळतं. डब्यावर मात्र ते क्वचितच लिहिलेलं असतं. कंपनीचं माहितीपत्रक मागवावं लागतं. आम्ही मागवतो. वरून ओतायच्या जस्ताच्या बाटल्या विकत नाही. प्रमाण फार वाढलं तर तेच रसायन धातूला खातं.

दुसरा हिशेब जाडीचा. १०० अंशांवर ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (जाडीचं माप), ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. वापरलेल्या जुन्या बेअरिंगच्या फटीतून पातळ ऑइल भसाभसा निघून जातं, घाटमाथ्यावरचं प्रेशर पडलं ते त्याने. आणि डब्ल्यूच्या आधीचा आकडा, ज्याचं गिऱ्हाइकाला फार कौतुक? डब्ल्यू म्हणजे विंटर. २०डब्ल्यूची थंडीतली स्टार्टिंगची परीक्षा उणे १५ अंशांवर घेतात. आमच्याकडे पहाटे अधिक पंधरा झालं की शेकोट्या पेटतात. ५डब्ल्यूचे जादा पैसे कशाला?

एमजीनंतर मी उलट्या टोकाला गेलो, जुनी गाडी दिसली की वीस-पन्नास. हेही चुकलं. एक सॅन स्टॉर्म नावाची गाडी येते, दिसायला हौशी, दोन सीटची, पण आत रेनॉचं इंजिन आहे, एमजीच्या मानाने पुष्कळच अलीकडचं, फटी बारीक. तिला आम्ही १०डब्ल्यू-४० घालतो. उलट जुन्या इंग्लिश मिनी गाडीमध्ये गिअरबॉक्स इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला. गिअरचे दात ऑइलमधलं जाडी टिकवणारं पॉलिमर चिरडतात आणि पन्नासाचं ऑइल हळूहळू चाळीसावर उतरतं. तिथे ग्रेडपेक्षा लवकर बदलणं महत्त्वाचं. म्हणून आता आम्ही गाडीचं साल विचारतो ते शेवटी. आधी कॅम कुठे, टॅपेट कसलं, इंजिनाचं काम कधी काढलं होतं, गाडी वर्षातून किती महिने उभी असते.

कोकणात हा शेवटचा प्रश्नच मोठा. चार महिने पाऊस, खारी हवा, गाडी ताडपत्रीखाली. जळलेल्या ऑइलमध्ये आम्ल असतं, ते उभ्या गाडीत बेअरिंग खात बसतं. म्हणून आम्ही ऑइल आगोटीला, पाऊस लागायच्या आधी, बदलतो, लाकूडफाटा भरायच्या दिवसांत, दिवाळीला नाही. आणि पावसात "जरा फिरवून ठेवली" म्हणत पाच मिनिटं इंजिन चालवायचं नाही. तेवढ्यात पाणी तयार होतं, उडून जात नाही, आणि झाकणाच्या आतून मलईसारखा पिवळट थर चढतो. काढायची तर वीस-पंचवीस किलोमीटर काढा, नाहीतर झोपू द्या.

पाण्याने ऑइलचं काय होतं ते २२ जुलै २०२१ नंतर पोटभर पाहिलं. चिपळूणला पूर आला आणि पुढचे दोन महिने आम्ही तिकडच्याच गाड्या ओढून आणत होतो. ज्यांनी सेल्फ मारला त्यांची इंजिनं गेली. ज्यांनी हात लावला नाही त्यांची बरीच वाचली: प्लग काढून हाताने क्रँक फिरवायचा, चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, रिकामा करायचा, स्वस्त ऑइल भरून जरा चालवायचं, काढून टाकायचं, पुन्हा भरायचं. तिसऱ्यांदा काढलेलं ऑइल ताकासारखं दिसेनासं झालं की चौथ्यांदा चांगलं. त्या वर्षी आमची विक्री वाढली. त्याचा आनंद कोणी केला नाही.

धंद्यातली एक गोष्ट बोलून दाखवतो. रिकामे डबे आम्ही भोक पाडल्याशिवाय भंगारवाल्याला देत नाही. चांगल्या डब्याला भंगारात जास्त भाव का मिळतो, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता आम्ही चौघं आहोत. बॅरल अजून आहे, बंदरावरचं गिऱ्हाईकही. अलीकडे नवी तक्रार आली, पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलची. जुन्या रबराला ते मानवत नाही. परवा जुन्या हेराल्ड गाडीचे एक मालक आले, खुशीत. "गाडी ऑइल खातच नाही," म्हणाले, "उलट वाढलंय." मी ऑइल मोजायची काडी ओढून त्यांच्या नाकाखाली धरली. पेट्रोलचा भपकारा. फ्यूएल पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) फाटून पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरत होतं, आणि वीस-पन्नासाचं पाणी झालं होतं. त्यांचा चेहरा उतरला. डायफ्रॅम बदलला, जुनं ऑइल काढून नवं भरलं. फाटका तुकडा ते न्यायला विसरले. तो टॅपेटाच्या शेजारी ठेवला आहे.