संत्रा सोड्याच्या कॅनसाठी रंग आणि फॉन्ट ठरवले, त्याचा माझा अनुभव

कॅनचं रिडिझाइन म्हटलं की सगळे आधी लोगोवर बोलायला लागतात, पण संत्र्याच्या ड्रिंकमध्ये खरा प्रश्न केशरी रंगाचा असतो, म्हणजे नेमका कोणता केशरी. मी नागपुरात फ्रीलान्स पॅकेजिंगची कामं करते, हिंगण्याकडच्या एका छोट्या युनिटचं काम आलं होतं, २५० मिलीचा स्लिम कॅन, आत संत्र्याचा सोडा, बाहेर झगझगीत केशरी आणि त्यावर निळ्या अक्षरात इंग्रजी नाव. मालकांना मी काकाजी म्हणते. ते पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, "ताई, आपला कॅन फ्रिजमध्ये ठेवला की कोणाले दिसतच नाही." आणि ते बरोबरच होतं, कारण दुकानाच्या फ्रिजमध्ये फँटा आणि मिरिंडा आधीच केशरी रंग घेऊन बसलेले आहेत, त्यांच्या बाजूला तिसरा तसाच केशरी ठेवला की गिऱ्हाईक तो नवीन समजतच नाही, नाहीतर नक्कल समजते.

मग मी कळमन्याच्या मार्केटमधून संत्री आणली. आंबिया बहार, म्हणजे पावसाळा संपता संपता येणारा माल, चालू होता. ती टेबलवर ठेवून बाजूला पँटोनचं शेडकार्ड, म्हणजे छपाईच्या रंगांचं नंबर दिलेलं कार्ड, धरून बसले, सकाळच्या उन्हात एकदा, घरात ट्यूबलाइटखाली एकदा. आपला संत्रा जाहिरातीतल्या संत्र्यासारखा लालसर केशरी नसतोच ना. साल ढिली, रंग पिवळ्याकडे झुकणारा, देठाजवळ बऱ्याचदा हिरवट छटा, आणि तरीही आतून गोड. गडद केशरी दिसतो तो पंजाबचा किन्नू, हिवाळ्यात ठेल्यांवर येतो तो, आणि बाहेरची माणसं त्यालाच संत्रा समजून घेऊन जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, फळाची ओळख कायद्याने मान्य झाली, मग कॅनवर रंग दुसऱ्याच फळाचा काहून लावायचा? शेडकार्डवर ऑरेंज ०२१ खूपच लालकडे जात होता, १३७५ च्या आसपासचा पिवळसर केशरी फळाच्या सालीशी जुळला. तो मुख्य रंग, अक्षरांना पानाचा गडद हिरवा, आणि वर देठाकडच्या बाजूला थोडी हिरवट छटा, एवढंच ठरवलं.

काकाजींच्या मुलाला हे पटलं नाही. "हा तर कच्चा वाटून राहिला," म्हणे. त्याला चटक केशरी आणि पांढरी अक्षरं हवी होती. पांढऱ्या अक्षरांचा मला आधीपासून विरोध होता कारण केशरी आणि पांढऱ्यात उजेडाचा फरक फार कमी असतो, स्क्रीनवर छान दिसतं पण दोन हात लांबून अक्षर विरघळतं. वादावादी करण्यापेक्षा दोन्ही डिझाइनचे प्रिंट काढून रिकाम्या कॅनवर गुंडाळले आणि गोकुळपेठेतल्या एका ओळखीच्या दुकानदाराच्या फ्रिजमध्ये ठेवून दिले. फ्रिजमधला एलईडी उजेड निळसर पांढरा असतो, त्यात चटक केशरी इतर दोघांत मिसळून गेला आणि पिवळसर वाला वेगळा उठून दिसला. काच थोडी ओली झाली तरी हिरवी अक्षरं वाचता येत होती. मुलगा बराच वेळ काचेसमोर उभा राहिला आणि मग म्हणाला, "ठीक आहे ताई, पण हिरवी छटा थोडी कमी करा ना." ती कमी केली, आणि तो बरोबर होता, जास्त हिरव्यात लिंबू सोडा वाटत होता.

आता छपाई. कॅनवर डायरेक्ट छापून घ्यायचं तर कारखाने एवढी मोठी ऑर्डर मागतात की छोट्या युनिटला परवडत नाही, म्हणून श्रिंक स्लीव्ह घेतलं, पारदर्शक फिल्मच्या आतल्या बाजूने उलटं छापतात आणि गरम हवेत ते कॅनला चिकटून बसतं. याचा एक फायदा मला फार आवडला. फिल्मवर रंग आधी येतात आणि पांढरा थर शेवटी, मग जिथे पांढरा थर ठेवला नाही तिथे रंगातून ॲल्युमिनियम चमकतं. मी फळाच्या फोडींच्या चित्रात तेवढ्याच जागी पांढरा काढून टाकला, फोडी रसाळ दिसायला लागल्या, बाकी सालीचा भाग मात्र पांढऱ्यावरच ठेवला कारण धातूवर तो पिवळसर केशरी मळकट पडतो. मुख्य केशरी छपाईच्या नेहमीच्या चार शाया मिसळून काढायचा नाही, स्पॉट कलरच, म्हणजे आधीच तयार केलेली त्याच रंगाची शाई घ्यायची यावर मी अडून बसले. ग्रॅव्ह्युअर छपाईत, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने छापतात त्यात, प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो, म्हणजे खर्च वाढतो, काकाजींनी हिशेब विचारला, मी सांगितलं की दुसरं काही कमी करू पण हा सिलिंडर नाही. त्यांनी ऐकलं.

फॉन्टवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच पाहिजे होता. नाव मराठीत मोठं, इंग्रजी खाली लहान, हे माझं ठाम मत होतं. जुन्या फाइल श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होत्या, त्या युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या, नाहीत, फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडल्या की नुसता गोंधळ, त्यामुळे सगळा मजकूर नव्याने टाइप केला. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड रेडी कंपोजर नावाची सेटिंग चालू केल्याशिवाय जोडाक्षरं नीट जुळत नाहीत, त्र सुटा पडतो, रस्त्यावरच्या कितीतरी बोर्डांवर हेच दिसतं. आणखी एक गोष्ट, बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श आपोआप हिंदी वळणाचे येतात, मराठी वळण आत असतं पण भाषा मराठी निवडावी लागते. गिऱ्हाईक हे बोलून दाखवणार नाही पण त्याच्या डोळ्याला शाळेतला ल ओळखीचा असतो. मोठ्या नावासाठी बालू हा फॉन्ट घेऊन त्यावर हाताने काम केलं, जाड गोल वळणं कॅनच्या गोलाईवर छान बसतात, आणि बारीक मजकुरासाठी मुक्ता, तिची अक्षरं लहान साइजलाही शाईने भरून जात नाहीत. दोन्ही 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे आणि ओपन लायसन्सचे, म्हणजे फुकट वापरता येणारे, छोट्या धंद्याला हा मोठाच आधार आहे.

"संत्रा" मधला अनुस्वार केशरी फळासारखा करायची मागणी आलीच. करून पाहिला. लांबून तो टिंब पार्श्वभूमीत जिरला आणि शब्द "सत्रा" असा वाचला जायला लागला, म्हणून अनुस्वारही गडद हिरवाच ठेवला. मानेजवळ स्लीव्ह जास्त आकसतं, तिथे मात्रा वेलांट्या चेपल्या जातात, त्यामुळे सगळी अक्षरं सरळ भागातच.

मागची बाजू कोणी बघत नाही असं म्हणतात पण तिथे नियम असतात. एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने अशा संत्र्याच्या कार्बोनेटेड फ्रूट ड्रिंकमध्ये किमान १० टक्के फळ लागतं, यांच्यात ते होतं, म्हणूनच पुढे फोडींचं चित्र घ्यायला माझं मन तयार झालं. सक्तीची माहिती इंग्रजी किंवा हिंदीत द्यावी लागते, मराठी जास्तीची म्हणून देता येते, आम्ही दिली. हिरवा व्हेज मार्क हिरवट भागावर हरवायला नको म्हणून पांढऱ्या चौकोनात. बारकोडच्या रेघा केशरी करू असं सुचवलं गेलं, ते मी थांबवलं कारण स्कॅनरचा उजेड लाल असतो आणि त्याला केशरी रेघ पांढऱ्यासारखीच दिसते. काळ्या रेघा ठेवल्या, आणि कॅनला गुंडाळतील अशा आडव्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, म्हणजे गोलाईमुळे वाचायला अडत नाही.

जाहिरातीत तोच रंग टिकवणं जास्त कठीण गेलं. पेपरचा कागद करडा, तिथे स्पॉट कलर नाही, त्यामुळे पूर्ण पिवळा, त्यावर निम्म्याच्या आसपास मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी शाई, आणि निळा किंवा काळा अजिबात नाही, थोडा जरी निळा मिसळला की केशरी तपकिरी होतो. तरी पेपरमध्ये केशरीचा पूर्ण पट्टा टाकलाच नाही, पांढरी जागा भरपूर ठेवली आणि कॅन मधोमध. व्हरायटी चौकाकडच्या होर्डिंगसाठी वेगळाच विचार, मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि ऊन असं की फिके रंग पार धुतले जातात, शिवाय बघणारा गाडीवर, सिग्नल सुटला की गेला. तिथे पार्श्वभूमी गडद हिरवी केली आणि कॅन केशरी, ओळ फक्त "हं, आपलाच संत्रा!" ऑटोच्या मागच्या बाजूलाही तीच ओळ, त्यात फॉन्टची जाडी एक पायरी वाढवली कारण धूळ बसली की बारीक अक्षर आधी जातं. काकाजींना फोन नंबर, पत्ता, पाच फोटो सगळं हवं होतं, त्यांना कॅन हातात देऊन रस्त्याच्या पलीकडून ओळ वाचायला लावली, मग नंबर काढायला तेच तयार झाले.

स्लीव्हचं शेवटचं प्रूफ, म्हणजे छपाईचा चाचणी नमुना, आलं तेव्हा केशरी पुन्हा लालकडे झुकलेला होता. प्रेसवाल्या दादांना मी फोटो पाठवले नाहीत, फोटोत रंग भरवशाचा नसतो, शेडकार्डची पट्टी आणि सही केलेला नमुना कुरिअर केला, त्यांनी शाई बदलून परत काढून दिलं आणि तेच फायनल केलं. सहीचा एक तुकडा काकाजींकडे, एक प्रेसकडे आणि एक माझ्याकडे अंधाऱ्या पाकिटात, उजेडात रंग उडतो म्हणून. मृग बहाराच्या, म्हणजे संत्र्याच्या दुसऱ्या हंगामाच्या, मालाचा बॅच निघेल तेव्हा त्याच्याशीच लावून बघायचं आहे. सहा कॅनच्या बॉक्सचं काम अजून बाकी आहे, कोरुगेटेड खाकी कागदावर हा रंग कसा येतो ते बघून राहिले.