वॉलहल्ला: दोन तासांत पाहून होणारे गाव नव्हे

‘दोन तास पुरेत, सगळे एकाच सपाट रस्त्यावर आहे,’ असे मेलबर्नमध्ये सहल आखून देणाऱ्या ज्या गृहस्थांनी आम्हाला सांगितले, त्यांनी हे गाव कधी पायी पाहिलेले नसावे, असे माझे ठाम मत झाले आहे. रस्ता सपाट आहे हे खरे, पण वॉलहल्लाचा इतिहास रस्त्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या चढांवर जास्त आहे. तो पाहायचा असेल तर अख्खा दिवस हाताशी ठेवावा आणि चांगली पकड असलेले बूट घालावेत.

ऑस्ट्रेलियातले सोन्याच्या खाणींचे हे जुने गाव मेलबर्नच्या पूर्वेला सुमारे १८० किलोमीटरवर आहे. वाटेतल्या मो या गावात पेट्रोल भरून घ्यावे आणि नकाशा आधीच उतरवून ठेवावा, कारण एरिका या गावानंतर रस्ता वळणावळणाचा होत जातो आणि आमच्या फोनला गावात अजिबात सिग्नल मिळाला नाही.

१८६२ च्या अखेरीस नेड स्ट्रिंगर आणि त्याच्या सोबत्यांना येथील ओढ्यात सोने सापडले. पुढच्याच वर्षी कोहेन्स रीफ ही सोन्याची शीर हाती लागली आणि त्याच वर्षी स्ट्रिंगर मरण पावला. ओढ्याकाठच्या चिंचोळ्या पट्टीत हजारोंची वस्ती उभी राहिली. जागेची टंचाई किती होती, हे १९०१ च्या अग्निशमन केंद्राजवळ उभे राहिले की कळते: ती इमारत चक्क ओढ्यावर बांधलेली आहे आणि पाणी आजही तिच्या खालून वाहते.

जिवंत माणसांना जागा नव्हती, तेथे मृतांना कोठून मिळणार? दफनभूमी डोंगराच्या अंगावर आहे आणि ‘थोडासा चढ’ हे तिचे वर्णन निव्वळ दिशाभूल करणारे आहे. येथे हजाराहून अधिक दफने झाली. खालच्या थडग्याचा माथा आपल्या पावलांच्या पातळीवर येतो आणि वरचे थडगे छातीशी. आदल्या रात्री पाऊस झाला होता. ओल्या पानांवरून माझा पाय दोनदा सटकला आणि दुसऱ्यांदा मी एका लहान मुलाच्या थडग्याचा कठडा धरून सावरलो, याचे मला फार वाईट वाटले. लहान मुलांची थडगी येथे पुष्कळ आहेत. एवढ्या उतारावरून त्या छोट्या पेट्या कोणी आणि कशा वर आणल्या असतील, हा विचार दिवसभर मनातून गेला नाही. पावसानंतर येथे जाऊ नये, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तर कोरड्या दिवशीही जाऊ नये.

क्रिकेटच्या मैदानाकडे जाणारी वाटही दमवते, पण तेथे जरूर जावे. खाली सपाट जमीनच नसल्यामुळे गावकऱ्यांनी डोंगराचा माथा सपाट करून हे मैदान केले. वर पोहोचलो तेव्हा छाती भरून आली होती आणि मैदानात आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हते. इतका आनंद मला या प्रवासात दुसरीकडे कोठेही झाला नाही. वाटेतली दाट झाडी मात्र त्या काळची समजू नये. खाणींची यंत्रे लाकडावर चालत असल्यामुळे हे डोंगर तेव्हा बोडके झाले होते. आजचे रान नंतर वाढलेले आहे.

लाँग टनेल एक्स्टेंडेड खाणीची फेरी सोपी आहे, तिचा बोगदा सपाट आहे. रेल्वेची फेरीही सुखाची आहे; ती रोज नसते, एवढे ध्यानात ठेवून आधी दिवस पाहावा. हा लोहमार्ग अडीच फुटी, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेच्याच मापाचा होता. वर्षानुवर्षे मागणी केल्यावर तो १९१० मध्ये येथे पोहोचला, तोवर खाणींची अखेर जवळ आली होती. १९१४ पर्यंत मोठ्या खाणी बंद पडल्या आणि ज्या गाडीने गाव तगायचे, तिच्यावरच लोकांनी आपली लाकडी घरे सुटी करून लादली आणि ते निघून गेले. आज येथे वीस-एक माणसे राहतात. विजेच्या जाळ्याशी हे गाव जोडले गेले ते १९९८ मध्ये.

दफनभूमी सकाळी, पायांत ताकद असताना करावी आणि मैदान दुपारी. आम्ही उलट केले आणि उतरताना अंधार पडू लागला. डोंगरांमुळे या दरीत सूर्य फार लवकर मावळतो.