सियागंजातून चहाची बोली

इंदूरच्या सियागंजात चहाचा घाऊक व्यापार करणाऱ्यांना पूर्वी आसामचा माल बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या हातानेच घ्यावा लागे, आणि तो मुळात कोणत्या भावाला सुटला हे कळायला मार्ग नसे. चहा मंडळाने 2008-09 च्या सुमारास लिलाव संगणकावर आणले आणि 2016 मध्ये देशातील लिलाव केंद्रे सर्व नोंदणीकृत खरेदीदारांना खुली केली. तेव्हापासून गुवाहाटीचा दाणा आणि कुन्नूरची भुकटी या दोन्हींवर एकाच टेबलावरून बोली लावता येते. आमच्यासारख्या मध्यम पॅकिंगवाल्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, असे मी मनापासून मानतो.

मात्र पडद्यावर दिसतो तो लॉट क्रमांक, मळ्याचे किंवा कारखान्याचे नाव, प्रत, वजन आणि भाव. चहा दिसत नाही. लिलावाआधी येणारे नमुने आम्ही येथेच, नर्मदेच्या नळाच्या पाण्यात आणि दूध घालून उकळून पाहतो, कारण आमचे गिऱ्हाईक तो तसाच पिणार असते. नुसत्या कोऱ्या काढ्यात तेजदार दिसलेला एखादा बीपी (ब्रोकन पेको, जाडसर दाण्याची प्रत) दूध पडताच करडा होतो, तर दिसायला साधा असलेला ओएफ (ऑरेंज फॅनिंग्ज, बारीक दाण्याची प्रत) विटकरी रंग धरून बसतो. हा निर्णय कोणतीही प्रणाली आपल्यासाठी घेणार नाही, म्हणून नमुना उशिरा आला तर त्या लॉटवर बोली न लावणेच मी पसंत करतो.

बोली लागल्यानंतरच्या कामाकडे मात्र आपल्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. ठरलेल्या मुदतीत पैसे भरल्याशिवाय डिलिव्हरी ऑर्डर निघत नाही आणि ती निघाल्याशिवाय गोदामातून माल हलत नाही. त्यापुढे ट्रक, बिल्टी आणि ऐन पावसाळ्यातला लांबचा प्रवास. कारखान्यातून चहा निघतो तेव्हा त्यात जेमतेम तीन टक्के ओलावा असतो आणि तो भोवतालची दमट हवा व वास झपाट्याने ओढून घेतो. एका वाहतूकदाराने आमची पोती सुक्या मिरचीच्या मालाला लावून पाठवली होती. पोती वरून कोरडी ठणठणीत होती, पण आतल्या पत्तीला तिखट वास लागला होता आणि तो मिश्रणातही लपेना. आता पोती उतरवताना लॉटनिहाय वजन आणि ओलावा मोजून तिथल्या तिथे संगणकात नोंदवला जातो, आणि त्याच नोंदीवरून पॅकिंगच्या बॅचला क्रमांक मिळतो. त्यामुळे पाकिटाबद्दल तक्रार आली की कोणता लॉट, कोणता ट्रक, हे लगेच सापडते.

हा धागा कारखान्यापाशी जाऊन तुटतो, याची मला खरी चिंता वाटते. देशातील निम्म्याहून अधिक चहा आज लहान उत्पादकांच्या पानापासून होतो. ते पान अनेकदा एजंटांमार्फत गोळा होऊन, एकमेकांत मिसळून खरेदीच्या पानावर चालणाऱ्या कारखान्यांत पोहोचते. एखाद्या लॉटमध्ये कीटकनाशकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तर संपूर्ण लॉट नाकारला जातो आणि ज्याने काळजीपूर्वक फवारणी केली त्याचेही नुकसान होते. पान कारखान्याच्या काट्यावर चढते तेव्हाच उत्पादकाचे नाव आणि तोडणीची तारीख लॉटशी जोडली गेली पाहिजे, आणि लिलावाच्या कॅटलॉगमध्ये प्रतीच्या शेजारी ती माहिती आम्हा खरेदीदारांना दिसली पाहिजे. अशा लॉटसाठी किलोमागे चार पैसे जास्त मोजायला मी तयार आहे.