शिशाच्या जिग हेडवर पावडर कोटिंग: गोव्याच्या दमट हवेतलं गणित

जिग हेड म्हणजे मासे पकडायच्या गरीवर ओतलेलं शिशाचं वजन. घरी ओतलेल्या जिग हेडना नेलपॉलिश लावणारे बरेच आहेत. जेटीच्या दगडाला दोनदा आपटलं की ते सुटतं. पावडर कोटिंग, म्हणजे गरम हेडवर वितळवून भाजलेली रंगाची कोरडी पूड, टिकतं, पण नीट भाजलं असेल तरच.

आधी शिसं. ते ३२७ अंशांना वितळतं. भांडं ४०० च्या आत ठेवा, कारण शिशासाठी वितळवायला घेतलेल्या टायर बॅलन्सिंगच्या जुन्या वजनांत जस्ताची वजनं मिसळलेली असतात. जस्त ४१९ ला वितळतं, म्हणजे तोवर ते वर तरंगतं आणि मळीसोबत काढता येतं. गाडीची जुनी बॅटरी फोडून शिसं काढायच्या फंदात पडूच नका. ओतकाम उघड्यावर करा, पण डोक्यावर कोरडं छप्पर हवं. कौलातून टपकलेला एक थेंब वितळलेल्या शिशात गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं तोंडावर उडतं. साचा आणि पळीही आधी तापवून कोरडी करा.

साच्याला मेणबत्तीची काजळी धरली असेल तर ती शिशावर उतरते आणि तिच्यावर पावडर धरत नाही. हेड अ‍ॅसिटोनने पुसा, सुकू द्या, मग उघड्या बोटांनी हात लावू नका. ओतलं त्याच दिवशी रंगवलेलं बरं.

डब्यात पावडर आणि प्लास्टिकचे छर्रे घालून हलवायची रीत स्थिर विजेवर चालते. ती कोरड्या हवेतली. इथे जून ते सप्टेंबर तिच्या नादी लागू नका. त्या दिवसांत पापड सादळतात तशी पावडरही सादळते. डबा सिलिका जेल घालून घट्ट बंद ठेवा, गुठळ्या झाल्या तर चहाच्या गाळणीने चाळा (ती गाळणी परत स्वयंपाकघरात नको).

आपल्याकडे गरम करून बुडवणंच खरं. गरी पकडीत धरून हेडवर हीट गन फिरवा, २० ग्रॅमच्या हेडला साधारण १५-२० सेकंद. पावडर आधी काडीने ढवळून फुगवा, मग हेड त्यात झटकन फिरवून बाहेर. लगेच ओलसर चमक आली तर ताप बरोबर. पिठासारखं कोरडं दिसलं तर कमी. संत्र्याच्या सालीसारखा जाड थर बसला तर जास्त. हीट गन चालू असताना पावडर हवेत उडू देऊ नका, ती पेट घेते.

गरीचा डोळा रंग मऊ असतानाच सुईने मोकळा करा. थंड झाल्यावर टोकरायला गेलात तर कडेचा पापुद्राही निघतो.

मग ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) तारेला टांगून १९० अंशांना २० मिनिटं. वेळ रंग वितळून गुळगुळीत दिसल्यापासून मोजा. ओटीजीच्या बटणावरचा आकडा खोटा बोलतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. शिशात सोल्डरची कथिल भरपूर गेली असेल तर १८३ पासूनच वजन मऊ पडून गरीवरून ओघळू लागतं, अशा शिशाला हे कोटिंग नकोच. आणि तो ओटीजी यापुढे फक्त याच कामाचा, त्यात पाव भाजायचा नाही.

तपासणी दोन प्रकारची. अ‍ॅसिटोनचा बोळा वीसेक वेळा घासा. रंग बोळ्याला लागला तर भाजणं अपुरं, पुन्हा आत. मग एक हेड हातोडीने चपटं करा. रंग शिशासोबत पसरला तर जमलं. टवका उडाला तर खाली तेल किंवा काजळी राहिलीय.

पांढरा रंग जास्त भाजला की पिवळा पडतो. चोणक माशाला त्याचं काही नसतं.